यंत्राने ‘नरडाणा’ कसे वाचावे? चित्राच्या व्याकरणाचा इतिहास

१/ उधना–जळगाव लोहमार्गावर धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात नरडाणा हे स्थानक आहे. अक्षरओळख झालेले मूल त्याची पाटी धावत्या गाडीतूनही वाचते. संगणकाला मात्र हीच चार अक्षरे वाचता यावीत म्हणून शास्त्रज्ञांना काही दशके खर्ची घालावी लागली. त्या प्रयत्नांची एक महत्त्वाची वाट मुंबईतून निघाली होती. तिच्याविषयी हा #थ्रेड.

२/ आधी अडचण समजून घेऊ. छापील देवनागरी शब्दाची अक्षरे शिरोरेखेने एकत्र बांधलेली असतात. ती सुटी करण्याचा सोपा उपाय म्हणजे शिरोरेखा पुसून टाकणे. ‘नरडाणा’वर हा प्रयोग केला तर काय उरते? न, र, ड, एक उभा दंड, मग ‘ण’चा वाडग्यासारखा भाग, त्यामागे एक दंड आणि शेवटी आणखी एक दंड. अक्षरे चार, तुकडे सात.

३/ आता या तीन दंडांकडे पाहा. पहिला ‘डा’चा काना आहे. दुसरा ‘ण’चा स्वतःचा अवयव आहे. तिसरा पुन्हा काना. तिघांची आकृती तंतोतंत सारखी, पण काम निराळे. नुसता तुकडा समोर धरून हा भेद कळत नाही. तो कोणाच्या शेजारी उभा आहे हे पाहावे लागते. म्हणजे अर्थ आकारात जेवढा आहे, तेवढाच आकारांच्या परस्परसंबंधात आहे.

४/ हा विचार चित्रांच्या बाबतीत शास्त्रीय शिस्तीने मांडणाऱ्या आद्य संशोधकांत रंगास्वामी नरसिंहन (१९२६–२००७) यांचे नाव घ्यावे लागते. जन्म मद्रासचा, गणितातील डॉक्टरेट अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाची. १९५४ साली ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये रुजू झाले. होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केलेल्या या संस्थेत तेव्हा एक धाडसी काम हाती घेतले जात होते.

५/ ते काम होते भारतात इलेक्ट्रॉनिक संगणक बांधण्याचे. त्या तरुण गटातील बहुतेकांना संगणक बांधण्याचा कोणताच पूर्वानुभव नव्हता. १९५६ साली प्रायोगिक यंत्र चालले आणि १९६० साली पूर्ण यंत्र कार्यान्वित झाले. १९६२ साली पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्याच्या फेराइट कोर स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आज भ्रमणध्वनीवर काढलेले एखादे छायाचित्र त्या स्मृतीच्या शेकडो पट जागा घेते.

६/ याच सुमारास जगभर एक प्रश्न चर्चेत होता: यंत्र पाहू शकेल काय? १९५८ साली अमेरिकेत फ्रँक रोझेनब्लाट यांनी ‘पर्सेप्ट्रॉन’ मांडला. ४०० प्रकाशसंवेदी घटकांचा हा यांत्रिक डोळा उदाहरणे पाहून शिकत असे. चित्र दाखवायचे, उत्तर चुकले की आतील जोडण्यांचे बळ कमीजास्त करायचे. अखेरीस यंत्र चित्राला एक नाव देई: हे त्रिकोण, हे चौकोन.

७/ नरसिंहन यांचा आक्षेप मुळाशी जाणारा होता. चित्राला नाव दिले म्हणजे ते पाहिले असे होते काय? एखाद्या गर्दीच्या छायाचित्राला ‘बाजार’ म्हटले, तरी त्यात किती माणसे आहेत, कोण कोणाच्या मागे उभा आहे, कोणाच्या हातात काय आहे, यातले काहीच सांगितले जात नाही. त्यांच्या मते पाहण्याचे फळ ‘नाव’ हे नसून ‘वर्णन’ हे असायला हवे. चित्राचे भाग कोणते आणि ते एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, हे त्या वर्णनात आले पाहिजे.

८/ या विचाराला कसोटी मिळाली ती भौतिकशास्त्रात. डोनाल्ड ग्लेझर यांनी १९५२ साली शोधलेल्या ‘बबल चेंबर’ या उपकरणात विद्युतभारित मूलकण द्रवातून गेला की त्याच्या वाटेवर सूक्ष्म बुडबुड्यांची रेघ उमटते. या शोधासाठी त्यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. या रेघांची छायाचित्रे लाखांनी निघू लागली. ती तपासण्यासाठी प्रयोगशाळांतून माणसे तासन्‌तास मेजांवर वाकून बसत.

९/ हे काम यंत्राकडे सोपवावे म्हणून इलिनॉय विद्यापीठात ब्रूस मॅकॉर्मिक यांच्या नेतृत्वाखाली ‘इलियाक–३’ या संगणकाची योजना सुरू झाली. चित्रातील अनेक बिंदूंवर एकाच वेळी क्रिया करता यावी म्हणून त्यात ३२ गुणिले ३२ अशी घटकांची जाळी योजली होती. नरसिंहन १९६१ ते १९६४ या काळात या विद्यापीठात होते. चित्राच्या व्याकरणाची त्यांची मांडणी तेथे आकाराला आली.

१०/ बबल चेंबरच्या छायाचित्राला एकच एक नाव देऊन भौतिकशास्त्रज्ञाचे काम भागत नाही. एक रेघ आली, अमुक ठिकाणी तिला दोन फाटे फुटले, त्यांतला एक डावीकडे वळला, दुसरा मध्येच संपला, हे त्याला हवे असते. कारण रेघेच्या वळणावरून कणाचा भार व संवेग कळतो आणि फाट्यावरून कणाचा क्षय. म्हणजे येथे वर्णन हीच माहिती होती.

११/ मग वर्णन कसे करायचे? नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली वाक्यरचनेचे औपचारिक नियम मांडून भाषाविज्ञानाला नवे वळण दिले होते. शब्दांचे पदबंध होतात, पदबंधांचे वाक्य होते. नरसिंहन यांनी हीच दृष्टी चित्राला लावली. आधी प्रत्येक बिंदूला खूण द्यायची: हे टोक, हे वळण, हा सांधा. खुणांवरून रेघा ओळखायच्या. रेघा कोठे मिळतात ते पाहून आकृती सिद्ध करायची.

१२/ इंग्रजी मोठ्या लिपीतील ‘ए’ घ्या. दोन तिरप्या रेघा वरच्या टोकांशी मिळतात, एक आडवी रेघ त्या दोघींना मध्यभागी जोडते. अक्षर लहान असो, मोठे असो, थोडे कललेले असो, हे वर्णन टिकते. ठिपक्यांवर ठिपके ठेवून साचा जुळवणारे यंत्र मात्र अक्षर जरा सरकले तरी गोंधळते. १९६२ ते १९६६ या काळातील नरसिंहन यांच्या अहवालांत व निबंधांत या पद्धतीचा पाया आहे.

१३/ ‘इलियाक–३’चा शेवट दुर्दैवी झाला. १९६८ साली आगीत ते यंत्र जळाले. तोवर नरसिंहन मुंबईला परतले होते. बबल चेंबरच्या रेघांसाठी सिद्ध केलेली दृष्टी आता हाताने लिहिलेल्या अक्षरांकडे वळली. हस्तलिखित इंग्रजी अक्षरे व्याकरणाच्या साहाय्याने ओळखण्याविषयीचा त्यांचा व व्ही. एस. एन. रेड्डी यांचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला.

१४/ पुढच्या दशकात ही शाखा जगभर फोफावली. के. एस. फू यांचा या विषयावरील पाठ्यग्रंथ १९७४ साली आला आणि ‘वाक्यविन्यासी आकृती–अभिज्ञान’ हा विद्यापीठांतून शिकवला जाणारा विषय झाला. संगणकीय दृष्टीच्या आरंभीच्या इतिहासात मुंबईचे नाव येते ते या वाटेने.

१५/ देवनागरीचे काय? आयआयटी कानपूरमध्ये आर. एम. के. सिन्हा यांनी १९७० च्या दशकात याच व्याकरणपद्धतीने देवनागरी वाचण्याचा प्रयत्न केला. १९७९ साली त्यांचा व एच. एन. महाबळ यांचा निबंध प्रसिद्ध झाला. देवनागरीच्या यंत्रवाचनावरील हा आरंभीचा आणि पुढे सतत उल्लेखिला गेलेला निबंध. अक्षरे मूळ अवयवांत फोडायची आणि त्या अवयवांचे परस्परसंबंध तपासायचे, हे त्याचे सूत्र.

१६/ पुन्हा नरडाण्याच्या पाटीकडे येऊ. वाडग्यासारखा भाग एकटा दिसला तर ते पूर्ण अक्षर नव्हे, त्याला दंड हवा, हा नियम यंत्राला दिला की वाडगे व पहिला दंड मिळून ‘ण’ होतो. उरलेला दंड मग काना ठरतो. ‘ड’ स्वतः पूर्ण आहे, त्याला दंडाची गरज नाही. म्हणून त्यापुढचा दंडही कानाच. सात तुकड्यांतून चार अक्षरे पुन्हा उभी राहतात.

१७/ दुसरे परिचित उदाहरण ‘ख’चे. जुन्या वळणाचा ‘ख’ अनेकदा ‘रव’सारखा दिसे. अशा वेळी ‘खानदेश’ की ‘रवानदेश’ हे अवयव पाहूनही ठरत नाही, शब्द पाहावा लागतो. माणूस हे नकळत करतो. यंत्रासाठी तो आणखी एक नियम होतो. त्यापुढे जोडाक्षरांचे नियम, रफाराचे नियम, उकार आणि मात्रांचे नियम.

१८/ येथेच या पद्धतीची मर्यादा उघडी पडली. शाई पसरली, दंड तुटला, छपाई फिकट झाली की नियम मोडतो. हस्ताक्षरात तर माणसागणिक वळण निराळे. प्रत्येक अपवादासाठी तज्ज्ञाने बसून नवा नियम लिहायचा, आणि तो नियम आधीच्या दोन नियमांशी भांडायचा. व्याकरण सुंदर होते, पण जग अव्यवस्थित होते.

१९/ १९९० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी. बी. चौधरी व उमापद पाल यांनी बांगला आणि देवनागरी या दोन्ही लिपी वाचणारी प्रणाली सिद्ध केली. अवयवांची ओळख आणि संख्याशास्त्र यांची तीत सांगड होती. तेथील तंत्राच्या आधारे सी-डॅकने हिंदी व मराठीसाठी ‘चित्रांकन’ ही वाचनप्रणाली उपलब्ध केली.

२०/ दरम्यान पर्सेप्ट्रॉनचा वंश परतला होता. १९८९ साली यान लकून व सहकाऱ्यांनी टपालावरील हस्तलिखित पिनकोड शिकून वाचणारे जाळे दाखवले. २०१२ साली सुमारे १२ लाख छायाचित्रांवर शिकलेल्या एका जाळ्याने चित्रओळखीच्या जागतिक स्पर्धेत सर्वांना मागे टाकले. नियम लिहिणारा तज्ज्ञ मागे पडला. उदाहरणे पुरवणारा पुढे आला.

२१/ देवनागरीतही तेच घडले. २०१५ साली नेपाळमधील संशोधकांनी हस्तलिखित देवनागरीच्या ९२,००० प्रतिमांचा संच सर्वांसाठी खुला केला: ३६ व्यंजने व १० अंक, प्रत्येकाच्या दोन हजार प्रतिमा. त्यावर शिकलेल्या जाळ्याची अचूकता ९८.४७ टक्के होती. नियमांच्या युगात हस्ताक्षरासाठी असा आकडा स्वप्नवत वाटला असता. हा संच पुढे भारतातही अनेकांनी अभ्यासासाठी वापरला.

२२/ पण त्या ३६ व्यंजनांत ‘ळ’ नाही. संच नेपाळी भाषेसाठी होता आणि नेपाळीला त्याची गरज नाही, तेव्हा दोष कोणाचाच नाही. परिणाम मात्र पाहा. नरडाण्याची व्यंजने अशा यंत्राला ओळखता येतील. तेथून गाडी पुढे निघाली की अमळनेर, जळगाव, भुसावळ. जिल्ह्याचे ठिकाण धुळे. शेजारी पारोळा, चाळीसगाव. खानदेशाचा अर्धा नकाशा ‘ळ’वर उभा आहे.

२३/ त्याहून चिंतेची बाब पुढे आहे. ४६ नावे शिकलेले यंत्र ‘ळ’ समोर आल्यावर “हे अक्षर मला ठाऊक नाही” असे आपण होऊन म्हणत नाही. ते ४६ पैकी एक नाव देऊन मोकळे होते, कधी कधी पूर्ण आत्मविश्वासाने. वर्णन करणाऱ्या यंत्राने निदान एवढे सांगितले असते: शिरोरेखेखाली शेजारी शेजारी दोन फुगीर वळणे आहेत, दंड नाही, आणि अशी आकृती यादीत नाही.

२४/ असेच मराठीचे आणखी काही. ‘ल’ पाकळीयुक्त, ‘श’ देठयुक्त. हिंदी छपाईत ही रूपे निराळी. ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांतला भेद तर मराठीत अर्थ बदलतो: दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या; आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना स्वयंपाक सांगायचा. हिंदीच्या उदाहरणांवर वाढलेल्या यंत्राला हा भेद मुद्दाम शिकवावा लागतो. आज मराठीसाठी वेगळी शिकवलेली वाचनयंत्रे आहेत आणि ती ‘ळ’ वाचतात, कारण कोणीतरी ती उदाहरणे गोळा केली.

२५/ २०१४–१५ च्या सुमारास एक उलटा प्रवास दिसू लागला. शिकणारी जाळी चित्राला एका शब्दाचे नाव देण्यावर न थांबता चित्राखाली वाक्य लिहू लागली: कोण, कोठे, काय करीत आहे. चित्राचे फळ वर्णन असावे, ही नरसिंहन यांची अपेक्षा पन्नास वर्षांनी प्रतिस्पर्धी पंथाच्या हातून अंशतः पुरी झाली. अंशतः अशासाठी की वाक्य सफाईदार असते, पण ते चित्रातल्या कोणत्या रेघेवरून आले हे नेहमीच दाखवता येत नाही.

२६/ हा वाद केवळ प्रयोगशाळेचा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या कागदपत्रांच्या जतनासाठी १९२७ साली तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. अशा संग्रहांतील बरेचसे कागद मोडी लिपीत आहेत. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरे लिहीत जायचे. शब्दांत जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नाही.

२७/ मोडी वाचणारी माणसे थोडी आणि कागद अफाट. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचकांची निकड साऱ्या राज्याने पाहिली. २०२५ साली आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन मोडीच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमांचा संच आणि मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली जाहीर केली. ही वाट आशेची आहे.

२८/ पण जुना प्रश्न येथे नव्या रूपात उभा राहतो. भाषा शिकलेले यंत्र अक्षर पुसट असले तरी वाक्य पूर्ण करू शकते, कारण तेथे बहुधा काय असावे हे त्याला ठाऊक असते. कथेत हे चालून जाईल. वतनाच्या कागदात, जातीच्या नोंदीत, शेताच्या चतुःसीमेत एका अक्षराने कुळ बदलते. तेथे ‘बहुधा’ चालत नाही. मोडीचा जाणता वाचक अशा ठिकाणी कंसात प्रश्नचिन्ह टाकतो आणि पुढे जातो.

२९/ म्हणून यंत्राकडून दोन गोष्टी मागायला हव्यात. शिकण्याची ताकद पर्सेप्ट्रॉनच्या वंशाकडून घ्यावी. ‘काय दिसले आणि कशावरून’ याचा हिशेब नरसिंहन यांच्या परंपरेकडून. आणि संग्राहकांनी, विद्यापीठांनी, शाळांनी मराठीच्या आपल्या वळणाची उदाहरणे जमवत राहावे. जी अक्षरे कोणी जमवली नाहीत, ती शिकणाऱ्या यंत्राच्या लेखी नसतातच.

३०/ नरसिंहन पुढे कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे संस्थापक अध्यक्ष झाले, त्यांना पद्मश्री मिळाली, मुंबईत त्यांनी उभारलेले सॉफ्टवेअर केंद्र कालांतराने सी-डॅकमध्ये विलीन झाले. उत्तरायुष्यात ते मूल भाषा कसे शिकते याच्या अभ्यासाकडे वळले. चित्रापासून भाषेपर्यंत त्यांचा प्रश्न एकच होता: कळणे म्हणजे नक्की काय? भ्रमणध्वनी आज नरडाण्याची पाटी क्षणात वाचतो. तो प्रश्न मात्र अजून खुला आहे.

#थ्रेड #इतिहास #मराठी #खानदेश